गाफांबा

दिगदागाच्या विहिरी खारट झाल्या, त्या साली
बागेच्या कडेचा गाफ उभ्याउभ्या वाळला.
तोडायचा हुकूम आला नाही, म्हणून राहिला.
डिसेंबरात दोन रात्री पाऊस पडला, धूळ धुतली गेली,
आणि बुंध्याच्या सावलीकडच्या अंगाला दिसल्या
कुणी अर्ध्या खोचून ठेवल्यासारख्या तपकिरी बशा.
चार. नाही, पाच. एक मुंग्यांच्या वाटेआड.

आत्माराम घाडी पाण्याचा व्हॉल्व्ह तसाच सोडून आला.
"अरे, ह्यो फणसांबोच!"
त्याचं तोंड आठवडाभर आलंय,
कॅम्पातली आमटी पाणी घालून घालून गिळतो.
कुडाळला त्याच्या घरी, सहाणेशेजारी
असा एक तुकडा असायचा, लाकडाहून हलका.
पोरांच्या जिभेवर चट्टे उठले
की पाण्याच्या थेंबात दोन वेढे उगाळायचा.

मी म्हणालो, फणसांबा फणसावर येतो.
फणस कुठाय?
तो वाळूकडे बघत राहिला,
जणू फणस आत्ताच इथून उठून गेला.

मी साकोलीचा. आमच्याकडे टेकोडे, सात्या,
वारुळाच्या अंगाखांद्यावर, मातीतून येणारे.
लाकडावरचं काही आणलं तर माय आधी विचारी:
मेलेलं झाड कोणतं होतं?
मग उलटं करून पोट बघे.
मग नखानं एक रेघ. मग वास.
जिभेला लावायचं अगदी शेवटी,
आणि ते तिचं ती, आम्हांला लांब उभं करून.

म्हणून आम्ही दोघं गुडघ्यावर आलो.
खाली अळंबीसारखी पानं नव्हती,
टाचणीनं टोचल्यासारखी भोकं, इतकी बारीक
की घाडीनं चष्मा काढून डोळाच टेकवला.
पोट पांढरं. नखाची रेघ पांढऱ्यावर तपकिरी उमटली
आणि पुसेना.
बराच वेळ गेला.
"आमच्या फणसांब्याचा पोट," तो पुटपुटला,
"पयल्यापासूनच तपकिरी असता."
व्हॉल्व्हचं पाणी तोवर तिसऱ्या आळ्यात पोचलं होतं.

अबू खमीस काठी टेकत आला.
त्याला ठाऊक एकच: फगा,
वीज कडाडली की वाळूखाली फुगणारा,
तुपात परतून खायचा.
हे त्याच्या लेखी लाकडाचं दुखणं.
त्यानं काठीनं मुळाशी फुटलेली एक हिरवी काडी दाखवली,
झाड अजून पुरतं मेलेलं नाही, एवढंच सांगायला.

काडीवर बारीक जोडपानं. पेरापेरांत आखूड काटे.
तीन वर्षं मी याला गाफ म्हणालो,
याच्या सावलीत डबा खाल्ला, याला सायकल टेकवली.
आणि हा सौंदड!
शिलंगणाला शिवेबाहेर ज्याच्यापाशी जायचो तो.
मी घाडीला सांगितलं. तो म्हणाला, बरं, मग?
मग काहीच नाही. मायचा पहिला प्रश्न सुटला, एवढंच.

रात्री एक बशी कागदावर पालथी ठेवली.
कोरा कागद नव्हता, पैसे पाठवल्याची पावती होती.
सकाळी उचलली तर खाली कोकोसारखी भुकटी,
रकमेच्या आकड्यापासून
बायकोच्या नावातल्या दुसऱ्या अक्षरापर्यंत,
वाऱ्यानं एका बाजूला किंचित सरकलेली.
मी श्वास रोखून घडी घातली, तरी थोडी सांडली.

घाडीनं सहा दिरहमचं बोरोग्लिसरीन आणलं.
पण ती बशी त्यानं पेटीत ठेवली, बनियनांच्या खाली.
तो तिला गाफांबा म्हणतो, मी सौंदडांबा.
कशावर लागू पडते, दोघांनाही ठाऊक नाही.
बाकीच्या चार झाडावर आहेत.
काल बघितलं, कडेला पांढरी नवी किनार आलीय,
बोट लावलं तर ओली.